घरगुती फिल्म कॅमेऱ्यासाठी स्वस्त भिंग निवडताना

घरी फिल्म कॅमेरा बनवणाऱ्याने भिंग घेताना पहिली चौकशी शार्पनेसची करू नये. ते भिंग फिल्मवर केवढं वर्तुळ उजळतं, हे आधी बघावं. फ्रेम त्या वर्तुळात पूर्ण मावायला हवी, म्हणजे वर्तुळाचा व्यास निदान फ्रेमच्या कर्णाएवढा हवा. ३५ मिमी फिल्मची फ्रेम २४ × ३६ मिमीची, कर्ण सुमारे ४३ मिमी. १२० फिल्मवरच्या (३५ मिमीपेक्षा रुंद रोल फिल्म) चौकोनी फ्रेमची बाजू ५६ मिमी, कर्ण ७९. मोबाइलमधलं भिंग कितीही काटेकोर असलं तरी इथे बिनकामाचं, कारण त्याचं वर्तुळ जेमतेम काही मिलिमीटरचं असतं. जुन्या ३५ मिमी एसएलआर कॅमेऱ्याची लेन्सही १२० फिल्मवर सहसा कोपरे काळे ठेवते.

मोजायला उपकरण लागत नाही. अंधाऱ्या खोलीत एकच खिडकी उघडी ठेवा आणि भिंगामागे ट्रेसिंग पेपर धरून बाहेरचं लांबचं झाड स्पष्ट (आणि अर्थातच उलटं) दिसेपर्यंत कागद मागेपुढे करा. साध्या भिंगापासून कागदापर्यंतचं ते अंतर म्हणजेच नाभीय अंतर. आता भिंग आणि कागद दोन्ही एकत्र, हळूहळू वळवा. खिडकीची प्रतिमा कागदाच्या कडेकडे सरकेल. मध्यापासून जिथवर ती उजळ आणि ओळखू येण्याजोगी राहते, तेवढी वर्तुळाची त्रिज्या.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे एकच काच. एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने खोलगट असं भिंग घेऊन खोलगट बाजू दृश्याकडे करायची आणि त्याच्यापुढे जरा अंतर सोडून बारीक छिद्र ठेवायचं, ही युक्ती विल्यम वोलास्टनने १८१२ साली मांडली, तेव्हा फोटोग्राफी जन्मायची होती! कडेची प्रतिमा त्यामुळे बरीच सुधारते. क्लोज-अप फिल्टर (जवळचे फोटो काढायला लेन्सपुढे लावायच्या काचा) बहुधा याच आकाराचे असतात, फक्त इथे ते उलटे बसवायचे. १००० ला डायॉप्टरने, म्हणजे भिंगाच्या ताकदीच्या आकड्याने, भागलं की नाभीय अंतर मिमीमध्ये मिळतं, म्हणजे +१० चा फिल्टर १०० मिमीचा. त्यापुढे ६ मिमीचं छिद्र ठेवलं की झालं साधारण एफ/१६, म्हणजे नाभीय अंतर छिद्राच्या व्यासाच्या सुमारे सोळापट.

एकट्या काचेत रंगांचा घोळ मात्र राहतो. १०० मिमीच्या साध्या भिंगात निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे दीड मिमी अलीकडेच एकवटतो. छिद्र लहान असलं की हा दोष बराच झाकला जातो, आणि कृष्णधवल फिल्मपुढे पिवळा फिल्टर लावला तर आणखी.

एन्लार्जरची (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्राची) लेन्स याहून कितीतरी सरस: शार्प, कडेपर्यंत सपाट प्रतिमा देणारी, छिद्र लहानमोठं करता येणारी. ८० मिमीची लेन्स १२० च्या चौकोनी फ्रेमला पुरते. पण तिला शटर नसतं, आणि खरी पंचाईत इथेच होते. १०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता) फिल्मला भर उन्हात एफ/१६ वर सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. तेवढ्यात हाताने झाकण काढून परत लावणं कुणालाच जमायचं नाही. फिल्मऐवजी मंद फोटोपेपर वापरणार असाल, तर एफ/३२ वर उन्हातही अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ मिळतो. तिथे झाकणावर भागतं.

म्हणून माझी पसंती भाता (लेन्स आणि फिल्म यांच्यामधली घडीची कातडी नळी) फाटलेल्या जुन्या फोल्डिंग कॅमेऱ्याला. भाता गेला की त्याची किंमत पडते, पण लेन्स, छिद्र आणि शटर एकाच नळीत शाबूत मिळतात. लेन्स बहुधा तीन काचांची असते. ही रचना डेनिस टेलर यांची, १८९३ ची. घेताना मागून टॉर्च मारून आत बघा. काचेवरचा एखादा ओरखडा फोटोत दिसतही नाही, पण बुरशीचे धागे किंवा धुरकट थर असेल तर सगळा फोटो फिका येतो. शटर एक सेकंदावर लावून ऐका. जुनं वंगण घट्ट झालं असेल तर ते मध्येच रेंगाळतं. जलद वेग तरीही बऱ्यापैकी ठीक असू शकतात.

खोकं कापण्याआधी फोकससाठी जागा धरा. १०० मिमीच्या भिंगाला दोन मीटरवरचा माणूस टिपायला सुमारे ५ मिमी पुढे यावं लागतं, एक मीटरवरच्याला ११ मिमी. एकात एक सरकणारी दोन खोकी एवढं काम आरामात करतात.