कोर्दोबा: पाडलं नाही म्हणून उरलेलं शहर

लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानींखालून आपण चालत असतो. उजेड कमी, छत बुटकं, खांबांच्या रांगा कुठे संपतात ते कळत नाही. आणि चालता चालता एकदम डोक्यावरचं छत नाहीसं होतं. समोर उंच, झगझगीत, सोनेरी-पांढरं चर्च उभं असतं. बाहेरून पाहताना याची कल्पनाही आलेली नसते. कोर्दोबाच्या मेस्कीतामध्ये, म्हणजे इथल्या जुन्या मशिदीत, पहिल्यांदा शिरलेला माणूस इथे थबकतो आणि त्याला एकच प्रश्न पडतो: मशिदीच्या पोटात हे चर्च आलं कसं?

दक्षिण स्पेनमधलं, आंदालुसिया प्रांतातलं हे शहर बहुतेकांच्या सहलीत एका दिवसाचं असतं. 1992 मध्ये माद्रिद ते सेव्हिल वेगवान रेल्वे सुरू झाली आणि कोर्दोबा माद्रिदपासून दोन तासांच्या आत आलं. सकाळी उतरायचं, मेस्कीता, ज्यूंची जुनी वस्ती, रोमन पूल, अल्काझार हा किल्लेवजा राजवाडा, एवढं उरकायचं आणि संध्याकाळच्या गाडीने पुढे जायचं. उरकण्याला माझी हरकत नाही. पण या चार ठिकाणांमागची गोष्ट माहीत असेल तर ती चार सुटी ठिकाणं राहत नाहीत.

सुरुवात नदीपासून करावी लागते. तिचं आजचं नाव गुआदलकिवीर, म्हणजे अरबी 'वादी अल-कबीर', मोठी नदी. रोमन लोक तिला बाएतिस म्हणत, आणि तिच्यावरूनच त्यांनी या प्रांताला बाएतिका नाव दिलं. कोर्दोबा त्या प्रांताची राजधानी. तत्त्वज्ञ सेनेका इथे जन्मला. नदीवरचा सोळा कमानींचा पूल मुळात त्याच काळातला, पण पुढच्या दोन हजार वर्षांत त्याची इतक्यांदा डागडुजी झाली की रोमन दगड त्यात शोधावे लागतात. तरी पूल जागचा हलला नाही. ज्याने ज्याने शहर घेतलं, त्याने तो दुरुस्त करून वापरला. या शहराचा स्वभाव मला इथेच दिसतो.

711 मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम फौजांनी स्पेनमध्ये पाय रोवला. पण आज जे कोर्दोबा आपण पाहायला जातो ते घडलं एका पळून आलेल्या तरुणामुळे. 750 मध्ये अब्बासी या प्रतिस्पर्धी घराण्याने दमास्कसच्या उमय्या घराण्याची सत्ता उलथली आणि हाती लागतील त्या राजपुत्रांना मारलं. त्यातून अब्द अल-रहमान निसटला. काही वर्षं उत्तर आफ्रिकेत लपतछपत काढून तो समुद्र ओलांडून आला आणि 756 मध्ये कोर्दोबाचा अमीर झाला. शहराबाहेर त्याने बाग वसवली आणि तिला नाव दिलं रुसाफा, आजोबांच्या सीरियातल्या निवासस्थानाचं. गाव सुटलेल्या माणसाने नव्या गावी जुन्या गावाचं नाव ठेवावं, हे कुणालाही समजेल.

785 च्या सुमारास त्याने मशीद बांधायला काढली. पडक्या रोमन आणि त्यांच्यानंतर राज्य केलेल्या व्हिसिगॉथांच्या इमारतींचे खांब आयतेच मिळत होते, आणि तेच त्याच्या कारागिरांनी वापरले. पण अडचण अशी की हे खांब एका मापाचे नव्हते, आणि एवढ्या मोठ्या दालनाला हवी ती उंचीही त्यांना नव्हती. छत खाली आलं असतं तर आत गुदमरायला झालं असतं. कारागिरांनी तोड काढली ती अशी: खांबाच्या डोक्यावर आणखी एक दगडी खांब चढवला, खालच्या टप्प्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान अधांतरी ताणली आणि वरच्या टप्प्यावर दुसरी, अर्धगोल कमान टाकून तिच्यावर छताचा भार दिला. खालची कमान भार पेलत नाही, ती खांबांना एकमेकांशी बांधून धरते. कमानीत एक थर विटेचा, एक दगडाचा, म्हणून तो लाल-पांढरा पट्टा. आज जगभरच्या छायाचित्रांत दिसणारं ते दृश्य मुळात तोकड्या, जुन्या सामानातून काढलेली वाट आहे. आत गेल्यावर सगळ्यात जुन्या भागात जरूर थांबा आणि शेजारशेजारचे खांब निरखून पाहा. एक राखाडी, एक गुलाबी, एक पन्हळीदार, एक गुळगुळीत. प्रत्येकाच्या माथ्यावरची नक्षी वेगळी.

पुढचे दोनशे वर्षं मशीद वाढत राहिली. अब्द अल-रहमान दुसरा याने ती नदीच्या बाजूला लांबवली. अब्द अल-रहमान तिसरा याने 929 मध्ये स्वतःला खलिफा जाहीर केलं आणि मोठा मिनार उभारला. त्याचा मुलगा अल-हकम दुसरा याने 962 पासून जी भर घातली ती सगळ्यांत श्रीमंत. त्याच्या भागातले खांब मुद्दाम घडवलेले, गडद निळसर आणि गुलाबी अशा रंगांचे आलटून पालटून लावलेले. मिहराबवरचं, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यावरचं, सोनेरी काचतुकड्यांचं काम करायला बायझंटाइन सम्राटाने कारागीर आणि काचतुकड्यांचा मोठा साठा धाडला, असं अरबी इतिहासकार लिहितात. ख्रिस्ती सम्राटाने मुस्लिम खलिफाच्या मशिदीसाठी! बगदादचे अब्बासी हे दोघांचेही शत्रू होते, त्यामुळे या भेटीत राजकारण होतंच. पण काम पाहताना राजकारण आठवत नाही.

याच मिहराबची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. मक्का कोर्दोबापासून जवळजवळ पूर्वेला आहे, पण मिहराबची भिंत बरीच दक्षिणेकडे वळलेली आहे. मूळ मशिदीचीच दिशा तशी होती आणि वाढवताना ती कुणी बदलली नाही.

शेवटची मोठी भर 987 च्या सुमारास अल-मन्सूरने घातली. तो खलिफा नव्हता, पण सत्ता त्याच्याच हाती होती. नदीच्या बाजूला आता जागा उरली नव्हती, म्हणून त्याने पूर्वेकडे आठ रांगा वाढवल्या. त्यामुळे मिहराब मध्यावर राहिलं नाही. घाईही दिसते: इथे विटा आणि दगड आलटून पालटून लावण्याऐवजी दगडावरच लाल रंग फासलेला आहे. मेस्कीतामध्ये आज साडेआठशेच्या आसपास खांब उरले आहेत, पूर्वी ते याहून बरेच जास्त होते.

याच अल-मन्सूरने 997 मध्ये उत्तरेकडचं ख्रिस्ती तीर्थक्षेत्र सांतियागो दे कॉम्पोस्तेला लुटलं. तिथल्या चर्चच्या घंटा त्याने ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला आणवल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले. 1236 मध्ये कास्तिया या ख्रिस्ती राज्याचा राजा तिसरा फेर्नांदो याने कोर्दोबा घेतलं, तेव्हा त्याच घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यावरून परत पाठवल्या, असं बखरी सांगतात. खांदे तेवढे बदलले.

त्या 29 जूनला फेर्नांदोपुढे दोन वाटा होत्या. स्पेनमध्ये इतरत्र मोठमोठ्या मशिदी पुढे पाडल्या गेल्या. सेव्हिलला तर मिनार आणि अंगण एवढंच वाचलं. कोर्दोबात मात्र मशिदीचं कॅथेड्रल करण्यात आलं आणि इमारत तशीच वापरात राहिली. चौदाव्या शतकात राजघराण्याने आत एक समाधी-चॅपल बांधलं, तेही मुस्लिम धाटणीच्याच गिलावा-नक्षीने सजवून.

खरा घाव बसला 1523 मध्ये. बिशप आलोन्सो मान्रिके याने इमारतीच्या मधोमध खांब काढून उंच चर्च उभारायचं ठरवलं. आणि त्याला विरोध केला तो कोर्दोबाच्या ख्रिस्ती नगरपालिकेने. अशी बांधणी जगात दुसरीकडे नाही, ही त्यांची बाजू. त्यांनी दवंडी पिटवली की पाडकामाला जो गवंडी, सुतार, हमाल हात लावेल त्याला देहदंड. चर्चने उलट बहिष्काराचं अस्त्र काढलं. प्रकरण सम्राट पाचव्या कार्लोसकडे गेलं, त्याने बिशपच्या बाजूने कौल दिला आणि काम सुरू झालं. 'कुठेही बांधता आलं असतं ते बांधण्यासाठी तुम्ही जगात एकमेव होतं ते मोडलंत', हे उद्गार पुढे त्याच्याच तोंडी घातले गेले. ते त्याने खरंच काढले याला पुरावा नाही. शिवाय ग्रानादाच्या अलहंब्रामध्ये स्वतःचा राजवाडा घुसवणारा हाच तो सम्राट. गाइडही तेच वाक्य सांगतात, पण माझ्या मते आठवण ठेवायची तर त्या नगरपालिकेची ठेवावी. ती हरली, तरी वाचवायची वास्तू जिंकणाऱ्यांचीच असायला हवी असं नाही, हे तिला पाचशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

वास्तुकार एर्नान रुईझ, मग त्याचा मुलगा, मग नातू, अशा तीन पिढ्या या कामावर खपल्या. घुमट पुरा व्हायला 1607 उजाडलं. नातवाने मिनाराला बाहेरून नवा अंगरखा चढवून त्याचा घंटा-मनोरा केला. मनोरा चढताना जुन्या मिनाराचा उरलेला भाग आतल्या बाजूला दिसतो.

बाहेरच्या अंगणात संत्र्याच्या जातीची कडवट फळांची झाडं रांगेत लावलेली आहेत, म्हणून त्याचं नाव पातिओ दे लोस नारांखोस. इथे मराठी माणसाने क्षणभर थांबावं. स्पॅनिश 'नारांखा' अरबी 'नारंज'वरून आला, तो फारसीतून, आणि फारसीत तो गेला आपल्या 'नारंग'वरून. आपलं नारिंग आणि हे नारांखा एकाच घरचे. साखरेचंही तेच: शर्करा, सुक्कर, आणि स्पॅनिशमध्ये 'आसुकार'. फळ, झाड आणि शब्द तिन्ही अरबांच्याच हातून स्पेनला पोहोचले.

मेस्कीतापासून चालत पाच मिनिटांवर ज्यूंची जुनी वस्ती. मैमोनिदीस हा थोर ज्यू पंडित कोर्दोबाचाच. 1148 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कट्टर मुस्लिम अल्मोहादांनी शहर घेतल्यावर त्याच्या कुटुंबाला गाव सोडावं लागलं. इथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1315 चं. स्पेनमध्ये मध्ययुगातली जी मोजकी सिनेगॉग टिकली, त्यांपैकी हे एक. दोन तोलेदोमध्ये आहेत. 1492 मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढल्यावर इथे आधी पिसाळलेलं जनावर चावलेल्यांचं रुग्णालय झालं, मग चांभारांच्या संघाचं चॅपल. 1884 मध्ये गिलावा निखळला आणि खालून हिब्रू अक्षरं बाहेर आली. खोली एवढीशी, सात मीटरही नाही. कुणी तरी भिंती पाडण्याऐवजी नुसता गिलावा दिला, म्हणून ती अक्षरं शाबूत राहिली.

अल्काझारबद्दल थोडक्यात: 1328 मध्ये बांधकाम, पुढे ग्रानादाच्या मोहिमेत राणी इसाबेल आणि तिचा नवरा, दुसराच एक राजा फेर्नांदो, यांचा तळ, इथेच कोलंबस त्यांना भेटला, आणि नंतर तीन शतकं धर्मन्यायालयाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, मुक्काम. बागा सुंदर आहेत, भिंतींनी पाहिलेलं तेवढं सुंदर नाही. जवळच नदीकाठी अल्बोलाफिया हा मोठा रहाट आहे, म्हणजे त्याची नवी प्रतिकृती. मूळ रहाटाच्या कुरकुरीने झोप मोडते म्हणून इसाबेलने तो काढायला लावला, असं गावात सांगतात.

मेस्कीता 1882 मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं, 1984 मध्ये जागतिक वारसा. पण वाद मिटलेला नाही. 2006 मध्ये बिशपच्या कार्यालयाने तीस युरो शुल्क भरून इमारत चर्चच्या नावे नोंदवली, आणि तेव्हापासून ती कुणाची आणि तिला 'कॅथेड्रल' म्हणायचं की 'मेस्कीता-कॅथेड्रल', यावर शहरात भांडण चालूच आहे. आत मुस्लिमांना नमाजाची परवानगी नाही. 1933 मध्ये कवी इक्बाल इथे आले होते, आणि या मशिदीवर त्यांनी लिहिलेली दीर्घ कविता उर्दू वाचणाऱ्यांना आजही पाठ असते.

दिवस हाताशी असेल तर पश्चिमेला आठ किलोमीटरवर मदिना आझाहाराला जावं. अब्द अल-रहमान तिसरा याने दहाव्या शतकात डोंगरउतारावर वसवलेली ही राजधानी. जे राजे मशीद वाढवत होते, त्यांचंच हे शहर, तेवढाच पैसा, तेच कारागीर. पण खलिफतीत यादवी माजली आणि 1010 च्या सुमारास ते लुटलं गेलं, जेमतेम सत्तर वर्षांत. त्यानंतर तिथे कुणी राहिलं नाही. लोक गाड्या घेऊन येत आणि घडवलेले दगड भरून नेत. जवळच्या सान खेरोनिमोच्या मठाच्या भिंतींत ते आजही आहेत. 1911 मध्ये उत्खनन सुरू झालं, 2018 मध्ये युनेस्कोने दखल घेतली. आतापर्यंत शहराचा लहानसा भागच मोकळा झाला आहे. बाकीचं गवताखाली आहे, आणि वरच्या रस्त्यावरून पाहिलं तर जमिनीवरच्या उंचवट्यांवरून गल्ल्यांच्या रेषा ओळखू येतात.