पेशीकंकाल आणि कर्करोग

पेशीकंकाल म्हणजे पेशीद्रव्यातील प्रथिन-तंतूंचे जाळे. ॲक्टिनचे सूक्ष्मतंतू (जाडी सु. ७ नॅनोमीटर), मध्यम तंतू (सु. १०) आणि ट्युब्युलिनच्या पोकळ सूक्ष्मनलिका (सु. २५) हे त्याचे तीन घटक होत. ‘कंकाल’ हा शब्द काहीसा फसवा आहे. हाडांच्या सांगाड्यासारखे हे जाळे स्थिर नसते, त्यातील बरेच तंतू सतत सुटत व नव्याने जुळत असतात.

या संज्ञेचे जनकत्व सामान्यतः फ्रेंच गर्भवैज्ञानिक पॉल व्हिंत्रबेर (१९३१) यांना दिले जाते. तथापि पेशीचा आकार आतील तंतूंमुळे टिकतो, ही कल्पना रशियन जीवशास्त्रज्ञ निकोलाय कोल्त्सोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडली होती. शब्द व्हिंत्रबेर यांचा मानला, तरी कल्पनेचे श्रेय कोल्त्सोव्ह यांच्याकडे जाते. सूक्ष्मनलिका मात्र १९६३ च्या सुमारास, ग्लुटाराल्डिहाइडने पेशी स्थिर करण्याची पद्धत आल्यावरच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसू लागल्या.

कर्करोगाचा उगम मुख्यतः जनुकांतील बदलांत असतो. पेशीकंकालाचा प्रभाव अधिक जाणवतो तो रोगाच्या प्रसारात. अस्तर-ऊतकातील पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने शेजारणींना धरून असतात आणि ही पकड आतून ॲक्टिनला बांधलेली असते. ती सैल झाली, केराटिन घटून व्हिमेंटिन (दोन्ही मध्यम तंतूंची प्रथिने) वाढले, की पेशी लांबट व फिरती होते. हे स्थित्यंतर प्रसाराला अनिवार्य आहे काय, याबद्दल उंदरांवरील प्रयोगांनंतर (२०१५) वाद झाला. स्थित्यंतर बहुधा अर्धवटच होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रो कुलातील प्रथिने ॲक्टिनची जुळणी नियंत्रित करतात. त्यांपैकी रॅक या प्रथिनाच्या प्रभावाखाली पेशी पुढे पातळ पदर पसरते. रो प्रबळ झाल्यास ती गोल राहून अमीबाप्रमाणे फटींतून सरकते. त्यामुळे एक मार्ग रोखला, तरी ती दुसरा धरू शकते. आक्रमक पेशींच्या तळाशी ॲक्टिनयुक्त उंचवटे तयार होऊन तेथून आधारपटल (अस्तराखालचा पातळ थर) विरघळवणारी विकरे स्रवतात.

मध्यम तंतूंचा उपयोग निदानात होतो : केराटिन अस्तर-ऊतकाच्या अर्बुदांकडे (गाठींकडे), डेस्मिन स्नायूंच्या अर्बुदांकडे निर्देश करते.

उपचारांत सूक्ष्मनलिका हे जुने लक्ष्य आहे. सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन व व्हिनब्लास्टीन ही औषधे त्यांची जुळणी रोखतात. पॅक्लिटॅक्सेल उलट त्यांना सुटू देत नाही, हे सुझन हॉर्विट्झ यांच्या गटाने १९७९ मध्ये दाखवले. दोन्ही प्रकारांत विभाजनाचा तर्कू (गुणसूत्रे वेगळी करणारी सूक्ष्मनलिकांची रचना) बिघडतो. चेतातंतूंतील वाहतूकही सूक्ष्मनलिकांवरच चालत असल्याने हातापायांना मुंग्या येणे हा या औषधांचा परिचित दुष्परिणाम आहे. ॲक्टिनवर थेट काम करणारी विषे प्रयोगशाळेपुरतीच राहिली, कारण हृदयाचे स्नायूही ॲक्टिनवरच आकुंचन पावतात.