नियंत्रक टर्मिनल (सी प्रोग्रॅमिंग)

युनिक्स व लिनक्समध्ये प्रोसेसच्या सेशनला (म्हणजे एकत्र धरलेल्या प्रोसेस-गटांच्या समूहाला) जोडलेले टर्मिनल म्हणजे नियंत्रक टर्मिनल. कंट्रोल-सी दाबल्यावर सिगइंट हा थांबण्याचा सिग्नल याच टर्मिनलच्या फोरग्राउंड गटाला, म्हणजे समोर चालू असलेल्या प्रोसेसना, जातो. सेशनला असे टर्मिनल एकच असते, किंवा नसतेच.

त्याचा पाथ मिळवायला पॉझिक्सने (युनिक्सवर्गीय प्रणालींच्या मानकाने) सीटर्मआयडी() हे फंक्शन दिले आहे. लिनक्सवर मात्र त्याचे उत्तर ठरलेले असते: /डेव्ह/टीटीवाय. हे टोपणनाव. ते उघडले की ज्याला त्याला आपापले टर्मिनल मिळते, खरे नाव कळत नाही. पासवर्ड विचारणाऱ्या प्रोग्रामचे एवढ्यावर भागते, लॉग लिहिणाऱ्याचे भागत नाही.

मग सर्रास टीटीवायनेम(०) वापरले जाते. ते फाइल डिस्क्रिप्टर ० ला, म्हणजे प्रोग्रामच्या इनपुटला, जोडलेल्या टर्मिनलचा पाथ देते. समजा, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवरून एखादा विद्यार्थी एसएसएचने शिवाजी विद्यापीठातल्या लिनक्स सर्व्हरवर शिरला. उत्तर येते /डेव्ह/पीटीएस/२, आणि हा पाथ सर्व्हरवरचा असतो, खोलीतल्या लॅपटॉपवरचा नव्हे. त्याच प्रोग्रामला इनपुट म्हणून गुणांची फाइल दिली, की नल (रिकामे उत्तर) हाती येते आणि एररनो या त्रुटीच्या चलात ईनॉटटीटीवाय, म्हणजे ‘हे टर्मिनल नाही’. इनपुट दुसऱ्याच टर्मिनलकडून वळवले असेल तर नाव त्या टर्मिनलचे येते. ही चूक जास्त वाईट, कारण ती लक्षातच येत नाही. हे फंक्शन फाइल डिस्क्रिप्टरपुरते बोलते, सेशनचे त्याला काही विचारलेलेच नसते. ०, १, २ (इनपुट, आउटपुट, त्रुटी) असे ओळीने तपासणे हाही शेवटी अंदाजच.

लिनक्सवर खात्रीचे उत्तर /प्रॉक/सेल्फ/स्टॅट या फाइलच्या सातव्या रकान्यात असते. तिथे ३४८१८ दिसले तर बिट ८ ते १५ मधून मेजर क्रमांक (उपकरणाचा प्रकार) १३६ निघतो, मायनर (त्यातले नेमके उपकरण) २, म्हणजे /डेव्ह/पीटीएस/२. मायनरचे बिट ० ते ७ आणि २० ते ३१ अशा दोन तुकड्यांत असतात, त्यामुळे नुसते २५६ ने भागून चालत नाही. दुसऱ्या रकान्यात कंसातले प्रोग्रामचे नाव असते आणि त्यात मोकळ्या जागा, अगदी कंससुद्धा, असू शकतात. म्हणून ओळीतला शेवटचा बंद कंस शोधून पुढचे रकाने मोजावेत.

सातव्या रकान्यात शून्य असेल तर नियंत्रक टर्मिनल नाही. सेटसिड() करून नव्या सेशनमध्ये वेगळ्या झालेल्या डिमनचे (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामचे) असेच असते. पीएस या कमांडने दाखवलेल्या प्रोसेसच्या यादीत त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह दिसते आणि /डेव्ह/टीटीवाय उघडू गेल्यास ईएनएक्सआयओ ही त्रुटी येते. मॅकओएसवर /प्रॉक नाही. तिथे सिसकंट्रोल या फंक्शनने उपकरण क्रमांक घेऊन तो डेव्हनेम() ला द्यावा लागतो.