पोलीस भरतीत निवड झाली, पण नावावर जुनी केस आहे: साक्षांकन नमुना भरताना काय जपायचं

मैदान मारलं, लेखी निघाली, निवड यादीत नाव आलं आणि नेमणूक चारित्र्य पडताळणीत अडकली, अशी मुलंमुली प्रत्येक भरतीनंतर भेटतात. बहुतेकांची केस किरकोळ असते: मिरवणुकीतली मारामारी, बांधावरचं भांडण, कॉलेजच्या गेटवरचं आंदोलन. त्या केसकडे कदाचित काणाडोळा झालाही असता. नेमणूक घालवतो तो साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःच्या पूर्वचारित्र्याची माहिती देण्याच्या फॉर्ममध्ये, लिहिलेला ‘नाही’ हा शब्द.

नेहमीच्या गोष्टी जाहिरातीत असतातच. जिल्हा आणि आयुक्तालयातल्या शिपाई पदासाठी बारावी पास, खुल्या प्रवर्गात वय १८ ते २८, मागास प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत, मैदानी ५० गुण, लेखी १०० गुण. निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणी होते आणि साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. तो तुमच्या राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे पडताळणीला जातो. नेमणुकीचा निर्णय जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांचा, आयुक्तालयात पोलीस आयुक्तांचा आणि राज्य राखीव दलात समादेशकांचा असतो.

आता नमुन्यातले प्रश्न नीट वाचा. ‘तुम्हाला शिक्षा झाली आहे का’ एवढंच तिथे विचारलेलं नसतं. कधी अटक झाली होती का, खटला चालला का, बंधपत्र लिहून घेतलं का, दंड झाला का, आज एखादं प्रकरण प्रलंबित आहे का, हे सगळं वेगवेगळं विचारलेलं असतं. मुलं घाईत सगळ्याचा अर्थ ‘शिक्षा’ असा लावतात आणि खाली ओळीने ‘नाही’ लिहीत जातात.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती चॅप्टर केसमध्ये. सण-निवडणुकीच्या तोंडावर ठाण्यात बोलावतात, शांतता राखण्याचं बंधपत्र घेतात आणि सोडून देतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही कारवाई कलम १०७ किंवा ११० खाली व्हायची. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ आणि १२९ खाली होते. हा गुन्हा नाही, शिक्षाही नाही. पण ‘बंधपत्र घेतलं का’ या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘होय’ असतं. एका मुलाचा नमुना मी पाहिला. अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही आणि त्या रकान्यात ठसठशीत ‘नाही’. त्याच्या ठाण्याच्या अहवालात कारवाईची तारीख, कलम, बंधपत्राची मुदत, सगळं होतं. त्याला खरंच वाटत होतं की आपल्यावर काहीच नाही, कारण सही वडिलांनी जामीनदार म्हणून केली होती आणि घरात कुणी पुन्हा तो विषय काढला नव्हता. हे त्याला आधी कुणी सांगायला हवं होतं.

दुसरा खड्डा म्हणजे ‘दंड भरून सुटलो’. जुगाराच्या किंवा दारूबंदीच्या किरकोळ केसमध्ये कोर्टात कुणीतरी कानात सांगतं, ‘हो म्हण, दंड भर, आजच मोकळा होशील.’ गुन्हा कबूल करून कोर्टात दंड भरणं ही दोषसिद्धी आहे. रस्त्यावर ई-चलान भरणं वेगळं, न्यायाधीशांसमोर गुन्हा कबूल करणं वेगळं. भरतीची तयारी करणाऱ्या कुणीही असा सल्ला वकिलाला विचारल्याशिवाय ऐकू नये.

तिसरा घोळ ‘केस बंद झाली’ या शब्दांचा. तपासाअंती पोलीस अ, ब किंवा क समरीचा अहवाल पाठवतात. गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर अ, तक्रार खोटी असेल तर ब, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर क. हा फक्त अहवाल झाला. दंडाधिकाऱ्यांनी समरी मंजूर केल्याचा आदेश निघेपर्यंत प्रकरण बंद होत नाही. ठाण्यातून ‘मिटलं तुझं’ असं तोंडी ऐकून मुलं निर्धास्त राहतात आणि कोर्टात तो अहवाल वर्षानुवर्षं तसाच पडून असतो. हे शासनाने स्वतःहून कळवायला हवं. ते कळवत नाहीत, म्हणून तुम्हालाच चौकशी करावी लागते.

म्हणजे कागद लागतो तो हा: निकालाची, समरी मंजुरीच्या आदेशाची किंवा उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत. मोबाइलमधला फोटो चालत नाही, वकिलाने दिलेली झेरॉक्सही चालत नाही. ज्या कोर्टात खटला चालला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करा. खटला क्रमांक माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. आडनावाची स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने टाकून पाहा. प्रकरण जुनं असून कागद नष्ट झाले असतील तर तसं कोर्टाकडून लेखी घ्या. हे काम यादी लागल्यावर काढू नका. भरतीची जाहिरात येण्याआधीच प्रत हातात असू द्या. स्वतः ऑनलाइन काढलेला चारित्र्याचा दाखला जोडला म्हणजे झालं, असंही समजू नका. खात्याची पडताळणी स्वतंत्र होते.

नमुन्यावरची सूचना कुणी वाचत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. नमुना भरून दिल्यानंतर एखादा गुन्हा दाखल झाला किंवा अटक झाली, तर तेही तातडीने लेखी कळवावं लागतं. ‘भरला त्या दिवशी काही नव्हतं’ हा बचाव इथे अपुरा पडतो.

खरं लिहिलं तर नोकरी मिळेलच का? तसा शब्द कुणी देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात याची चौकट घालून दिली. उमेदवाराने सगळं खरं सांगितलं तरी नियुक्ती अधिकारी पूर्वचारित्र्य तपासू शकतो आणि नेमणूक देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. पण तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब असेल तर ती लपवली असली तरीही अधिकारी दुर्लक्ष करू शकतो. जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही, म्हणून लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही. याच निकालातला हा मुद्दा लक्षात ठेवा. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलीस दलातल्या हेड कॉन्स्टेबल पदाच्या संदीप कुमार या उमेदवाराची बाजू न्यायालयाने घेतली होती. विशीतल्या चुकीसाठी आयुष्यभराचा शिक्का नको, अशी ती भूमिका होती. उलट २०१३ च्या मेहर सिंग प्रकरणात तडजोडीमुळे झालेली निर्दोष सुटका पोलीस दलासाठी पुरेशी मानली गेली नाही. त्यामुळे ‘समझोता झाला, सुटलो’ एवढ्यावर विसंबू नका. निकालपत्रात न्यायाधीशांनी सुटकेचं कारण काय लिहिलं आहे, ते वाचून घ्या.

घटनेच्या दिवशी वय १८ पेक्षा कमी असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे, आणि हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ नुसार अशा प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद एकच: १६ वर्षं पूर्ण झालेल्या मुलावर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालून तो दोषी ठरला असेल तर. कलम ७४ तर पोलिसांनाच सांगतं की निकाली निघालेल्या बालकाच्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. तरीही ठाण्याच्या अहवालात ती नोंद उतरलेली दिसते, याचा मनापासून राग येतो. पोराला नवी सुरुवात द्यायची हे संसदेने ठरवलं आणि रजिस्टरवर बसलेल्याला ते कळवलंच नाही. बाल न्याय मंडळाच्या आदेशाची प्रत आणि जन्मतारखेचा पुरावा जवळ ठेवा आणि अहवालात नोंद आल्याचं कळलं की या दोन्ही कलमांचा उल्लेख करून लेखी हरकत द्या.

विमुक्त जातींच्या मुलांबद्दल वेगळं लिहायला हवं. जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला आणि त्यातून सुटल्या त्या विमुक्त जाती. पाल पारधी, कैकाडी, कंजारभाट, वडार अशा जातींसाठी आज विजा-अ प्रवर्गात ३ टक्के आरक्षण आहे. ज्यांच्या आजोबांना ठाण्यात हजेरी लावावी लागत होती त्यांची नातवंडं खाकी घालून त्याच ठाण्यात बसावीत, यासारखं पुनर्वसन नाही. पण गावात चोरी झाली की आधी याच वस्तीवर गाडी जाते आणि मुलांच्या नावावर प्रतिबंधक कारवाया साचत राहतात. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांना बजावलं आहे. नुसतं चौकशीला बसवून सोडलं असेल तर ती अटक नव्हे. अटक झाली असेल तर तिचे कागद असतात. काय झालं होतं ते ठाण्यातून माहितीच्या अधिकारात लेखी मागवा आणि मगच रकाना भरा.

याच मुलांना दुसरा अडथळा जात प्रमाणपत्राचा येतो. विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. पालावर जन्मलेल्या आजोबांचा कागद कुठून आणायचा? चुलत आजोबा, आत्या, भावकीतल्या कुणाचाही शाळेचा निर्गम उतारा सापडला तर वंशावळीच्या शपथपत्रासह तो लावा. कागदांनी जात पडताळणी समितीचं समाधान झालं नाही तर प्रकरण दक्षता पथकाकडे जातं आणि ते घरी येऊन चौकशी करतात. त्या दिवशी जाणती माणसं घरी असू द्या. ऊसतोडीच्या हंगामात घराला कुलूप असतं, हे ध्यानात घेऊन अर्ज आधीच टाका.

नेमणूक नाकारलीच तर आदेश लेखी मागा, कारणासह. दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये मागायची. अंतिम आदेशापासून मुदत एक वर्षाची असते. इथे लोक हमखास चुकतात. आमदारांचं पत्र, मंत्रालयात निवेदन, पुन्हा निवेदन, असं करता करता वर्ष निघून जातं, आणि निवेदनावर निवेदन दिल्याने मुदत वाढत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विमुक्त जातींचं नाव या सवलतीच्या यादीत नाही, म्हणून त्या मुलांनी जाताना तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला सोबत न्यावा.