सुरक्षितता आणि खासगीपणा: एकाच कॅमेऱ्याचे दोन वेगळे प्रश्न

तालुक्याच्या गावची पतसंस्था, जिनिंग, आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामपंचायत, कुठेही गेलो तरी आज भिंतीवर इंटरनेटला जोडलेला कॅमेरा आणि दाराशी अंगठ्याचे हजेरी यंत्र दिसते. विदर्भातील अशा संस्थांच्या नेटवर्कची कामे करताना मला एक वाक्य वारंवार ऐकायला मिळते: "पासवर्ड बदलला न भाऊ, आता कायची चिंता?" पासवर्ड बदलणे आवश्यक आहेच, परंतु त्याने दोन प्रश्नांपैकी एकच सुटतो, आणि जो सुटत नाही तो गावात अधिक जाचक ठरतो, असे माझे मत आहे.

धुऱ्यावर कुंपण घालतो ते रोही आणि रानडुक्कर वावरात शिरू नयेत म्हणून. यंत्राची सुरक्षितता ही अशीच आहे: ज्याला परवानगी नाही त्याला आत येता येऊ नये, यंत्र त्याच्या ताब्यात जाऊ नये आणि त्यातील नोंदी त्याला बदलता येऊ नयेत. खासगीपणाचा प्रश्न कुंपणाच्या आतला आहे. ज्याला आपण स्वतः फाटक उघडून दिले, त्याने काय पाहावे, कशासाठी पाहावे आणि पाहिलेले किती दिवस जवळ ठेवावे, हे तिथे ठरवायचे असते. या गोंधळात 'गोपनीयता' या शब्दाचाही वाटा आहे. पद आणि गोपनीयतेच्या शपथेत तो शब्द कार्यालयाच्या कागदांविषयी असतो. खासगीपणा मात्र ज्या माणसाचे चित्र किंवा ठसा घेतला गेला, त्या माणसाचा असतो. म्हणून या लेखात मी 'खासगीपणा' हाच शब्द वापरतो.

केवळ सुरक्षितता ढासळली तर काय होते, याचे ठळक उदाहरण २०१६ मधील 'मिराई' हा घातक प्रोग्रॅम आहे. कारखान्यातून येणाऱ्या सुमारे ६० युजरनेम-पासवर्डच्या जोड्या लावून पाहत तो जगभरातील कॅमेरे, डीव्हीआर (चित्रीकरण साठवणारी यंत्रे) आणि राउटरमध्ये शिरला, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने, वेबसाइटचे इंटरनेटवरील पत्ते शोधून देणाऱ्या 'डिन' या कंपनीवर एकाच वेळी मारा केल्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेक तास विस्कळीत झाल्या. मिराईला कॅमेऱ्यात काय दिसते याच्याशी कर्तव्य नव्हते. त्याला यंत्र आणि त्याचे इंटरनेट हवे होते. आपल्याकडे फिटिंग करणारा माणूस तोच पासवर्ड तसाच ठेवतो आणि मालकाला घरून पाहता यावे म्हणून राउटरवर बाहेरून आत येणारी वाट उघडून देतो. ती वाट बंद करणे, पासवर्ड बदलणे, यंत्राचे फर्मवेअर (त्याच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवणे, कॅमेरे आणि हिशोबाचा संगणक वेगवेगळ्या नेटवर्कवर ठेवणे आणि काम संपताच फिटिंगवाल्याचे लॉगिन काढून टाकणे, ही सर्व कुंपणाची कामे झाली.

आता उलट उदाहरण पाहू. 'स्ट्राव्हा' या व्यायामाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशावर, सैनिक जिथे धावत होते ते मार्ग उजळून दिसत होते आणि त्यातून दुर्गम लष्करी तळांच्या जागा उघड झाल्याचे जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले. तेव्हा कोणीही कुलूप फोडलेले नव्हते. 'रिंग' या कॅमेरा कंपनीवर २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवलेल्या आरोपांत एक असा होता, की कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या घरातील खासगी चित्रीकरण विनाकारण पाहता येत होते. कुंपणच शेत खाते, ते असे.

आमच्या भागातील एका पतसंस्थेत मी लॉगिनची यादी काढली, तेव्हा कॅमेऱ्याचे ॲप ११ जणांच्या मोबाइलवर निघाले आणि त्यांपैकी तिघांची संचालकपदाची मुदत केव्हाच संपली होती. पासवर्ड मात्र अगदी मजबूत होता. शहरात पडद्यावरचा चेहरा बहुधा अनोळखी असतो. गावात तो शेजाऱ्याचा, भावकीतल्या माणसाचा किंवा निवडणुकीतल्या प्रतिस्पर्ध्याचा असतो. पेरणीच्या तोंडावर कोण मंगळसूत्र गहाण ठेवायला आले, कोणाचा कर्जाचा हप्ता थकला, कोणती सून एकटीच आरोग्य केंद्रात गेली, हे संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचते आणि ज्याचे झाकलेले उघडे पडले त्याला दुसरे गाव नसते. ही हानी कोणताही परदेशी हॅकर करत नाही, म्हणून ती कोणत्याही सुरक्षा तपासणीत दिसत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिला रुग्णांच्या तपासणीची दृश्ये इंटरनेटवर आल्याचे उघड झाले, तेव्हा दोन्ही प्रश्न एकत्र आले होते. कॅमेऱ्याचा पासवर्ड तकलादू असल्याची चर्चा पुष्कळ झाली आणि ती योग्यच होती. परंतु पासवर्ड अभेद्य असता तरी त्या खोलीत कॅमेरा का होता, हा प्रश्न उरतोच. आरोग्य केंद्रात कॅमेरा औषधसाठ्याच्या दारावर असावा, तपासणीच्या खाटेवर कदापि नसावा.

कायदाही या दोन जबाबदाऱ्या वेगळ्या मांडतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहितीचे पुरेसे रक्षण न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्यात माहिती कशासाठी घेतली ते सांगणे आणि उद्देश संपल्यावर ती पुसणे ही निराळी कर्तव्ये आहेत. दुसरीकडे, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या असतात आणि सायबर घटना ६ तासांत कळवायची असते. काही ठिकाणी हा नियम कॅमेऱ्याच्या चित्रीकरणालाच लावला जातो आणि सहा-सहा महिन्यांचे चित्रीकरण साठवले जाते. कोण केव्हा लॉगिन झाला, ही नोंद दीर्घकाळ ठेवणे हिताचे आहे. दारातून कोण आले-गेले याचे चित्र मात्र गरजेपुरतेच ठेवावे.

हजेरीच्या यंत्राबाबत तर अधिकच जपावे लागते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. बहुतेक यंत्रे ठशाचे चित्र न ठेवता त्यावरून काढलेला सांकेतिक नमुना ठेवतात, तरीही तो नमुना त्या माणसाशी जोडलेलाच असतो. यंत्र बिघडले की बदल्यात नवे आणले जाते आणि जुने दुकानदाराकडे जाते. ते देण्यापूर्वी आतील सर्व नोंदी पुसून, यंत्र पुन्हा सुरू करून यादी खरोखर रिकामी झाली आहे का, हे संस्थेच्या माणसाने समोर उभे राहून पाहावे आणि तशी नोंद रजिस्टरमध्ये तारखेसह करावी.