गंभीर दुखापत आणि घरातली जबरदस्ती

मारहाणीचं प्रकरण पोलीस ठाण्यातल्या एनसीच्या (अदखलपात्र गुन्ह्यांच्या) रजिस्टरमधून निघून एफआयआरमध्ये जातं ते बहुतेक वेळा जखम "गंभीर" ठरल्यावर. 1 जुलै 2024 पासून भारतात भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम 116 मध्ये गंभीर दुखापत म्हणजे काय ते सांगितलंय, आधी हेच 1860 च्या दंड संहितेत कलम 320 मध्ये होतं. त्या तारखेच्या आधी घडलेल्या घटनांचे खटले अजून जुन्या कलमांनीच चालून राहिले, म्हणून वऱ्हाडात काय आणि झाडीपट्टीत काय, लोकांच्या तोंडी अजून "तीनशे सव्वीस लागली" (हत्यारानं गंभीर दुखापत), "चारशे अठ्ठ्याण्णव टाकली" (सासरची क्रूरता) हेच ऐकू येतं. त्यात काही चुकीचं नाही, वकीलसुद्धा दोन्ही नंबर सोबत बोलतात.

गंभीर दुखापतीचे आठ प्रकार आहेत, त्यांच्या बाहेरचं काहीही कितीही दुखलं तरी कायद्यानं साधीच दुखापत. पुरुषत्व नष्ट करणं, एका डोळ्याची नजर किंवा एका कानाचं ऐकणं कायमचं जाणं, एखादा अवयव किंवा सांधा जाणं, अवयव असूनही त्याची ताकद कायमची जाणं, डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं नाहीतर जागेवरून निखळणं, हे झाले सात. आठवा जरा ढिला ठेवलाय: जिवावर बेतलेली जखम, किंवा जिच्यामुळं माणूस 15 दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा आपलं नेहमीचं काम करू शकला नाही अशी जखम. जुन्या कायद्यात हे दिवस 20 होते, ते 15 केले ते बरंच झालं.

पण हे 15 दिवस सिद्ध करायचे कोणी आणि कसे, खरी ओढाताण इथंच आहे. नोकरीवाल्याची रजा ऑफिसात लिहिलेली असते, कापूस वेचणाऱ्या बाईची रोजी कुठं लिहिलेली असते? वेचणीच्या दिवसात मनगट सुजलं, हाड शाबूत आहे, पण बोंडातून कापूस ओढता येत नाही, दोन आठवडे रोजी बुडाली. कायद्याच्या नजरेत ही गंभीर दुखापत होऊ शकते, कारण "नेहमीचं काम" म्हणजे तिचं नेहमीचं काम. नुसतं दवाखान्यात भरती होती एवढ्यानं भागत नाही, वेदना होती किंवा काम होत नव्हतं हे वेगळं दाखवावं लागतं. म्हणून सोबत वेचणीला जाणाऱ्या बायांचं बयान आणि पुन्हा दाखवायला गेल्याचे दवाखान्याचे कागद हेच उपयोगी पडतात. बहुतेक जण एकदाच मलमपट्टी करून घरी येतात, दुसऱ्यांदा कोणी जात नाही, बसचे पैसे लागतात ना बाप्पा. मग कागदावर "साधी" लिहून येतं आणि तेच कोर्टापर्यंत जातं.

गावातली भांडणं बहुतेक धुऱ्यावरून म्हणजे शेताच्या बांधावरून, नाहीतर पांदण रस्त्यावरून आणि पाण्यावरून. पेरणीच्या तोंडावर धुरा कोरला म्हणून एकानं दुसऱ्याला काठीनं हाणलं, शिवीगाळ केली, "वावरात पाय ठेवला तर पाहून घेतो" म्हटलं, तर ठाण्यात मारहाण, शिवीगाळ, धमकी असं ठरलेलं त्रिकूट लिहिलं जातं, त्याच क्रमानं आधी 323, 504, 506 आणि आता 115(2), 352, 351(2). हे अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच काठीनं हाताचं हाड मोडलं की 117(2), सात वर्षांपर्यंत, आणि पोलिसांना थेट गुन्हा नोंदवावा लागतो. हाड पूर्ण तुटायलाच पाहिजे असंही नाही, 1970 च्या होरीलाल केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हाडाला कापल्याची खाच पडली तरी ते हाड मोडणंच. म्हणून एक्स-रे ला एवढी किंमत. ग्रामीण रुग्णालयातलं मशीन बंद असलं तर जिल्ह्याला जा, तोवर ठाणेदार साहेब म्हणतात दाखला आणा मग पाहू, आणि गावात तडजोडीची माणसं घरी येऊन बसलेली असतात.

हत्यार कोणतं होतं त्यावरही सगळं फिरतं. इळा, कुऱ्हाड, चाकू अशा भोसकायच्या-कापायच्या वस्तू, विस्तव, तापवलेली वस्तू, ॲसिड, विष, इतकंच काय अंगावर जनावर सोडणं, हे सगळं कलम 118 मध्ये येतं. त्यानं साधी दुखापत झाली तरी तीन वर्षांपर्यंत, गंभीर झाली तर कमीत कमी एक वर्ष आणि वरती दहा वर्षं किंवा जन्मठेप. बैल हाकायच्या तुतारीला पुढं आर म्हणजे टोकदार खिळा असतो, तिनं टोचलं तर ते 118 का 115 यावर वकील तासभर भांडू शकतात. आणि घाव घालणाऱ्याला जीवच घ्यायचा होता असं दिसलं तर मग दुखापतीचा विषयच राहत नाही, खुनाचा प्रयत्न, कलम 109.

तापवलेल्या वस्तूचा मुद्दा विदर्भात पुस्तकी नाही. मेळघाटात लेकराचं पोट फुगलं की भुमका, म्हणजे तिथला मांत्रिक-वैदू, गरम इळ्यानं पोटावर चटके देतो, त्याला डंबा देणं म्हणतात, आणि यात गुन्हे दाखल झालेले आहेत. भुमक्याचा हेतू लेकराला मारायचा नसतो, आईबापच घेऊन गेलेले असतात, पण चटका तो चटकाच. अशा ठिकाणी संहितेसोबत महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणा विरोधी कायदाही लावता येतो, त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आणि 5,000 ते 50,000 दंड आहे. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला ऑगस्ट 2021 मध्ये करणीच्या संशयावरून सात जणांना बांधून भर चौकात मारलं, त्यात म्हातारी माणसं होती. एका माणसानं दुसऱ्याला मारणं आणि अख्ख्या गावानं उभं राहून मारणं यातला फरक जुन्या कायद्याला फारसा दिसत नव्हता. आता 117(4) आलंय, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून गंभीर दुखापत केली तर प्रत्येक जण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेला पात्र. पीडित अनुसूचित जाती-जमातीचे असले तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वेगळा लागतोच.

ॲसिडला कलम 124, किमान दहा वर्षं. मार खाऊन माणूस कायमचा अपंग झाला किंवा शुद्ध हरपून नुसता जिवंत पडून राहिला तर 117(3), तिथंही किमान दहा वर्षं, वरती मरेपर्यंत जन्मठेप.

आता घरातलं. कायद्याला हाड दिसतं आणि दिवस मोजता येतात, भीती मात्र मोजता येत नाही. नवरा हात न लावता बाईला वर्षानुवर्षं धाकात ठेवतो, रोजी संध्याकाळी हातातून काढून घेतो, मोबाईल फोडतो, माहेरी जाऊ देत नाही, राखीला भाऊ आला तर त्याच्यासमोर बोलू देत नाही, याला इंग्लंडमध्ये 2015 च्या कायद्यानं वेगळा गुन्हा ठरवलंय, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आपल्याकडं असं एकच नेमकं कलम नाही, तुकडे जोडावे लागतात. कोंडून ठेवलं तर 127, आणि इथंही पुन्हा दिवसांची मोजणी, तीन दिवस किंवा जास्त कोंडलं तर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त कोंडलं तर पाच वर्षांपर्यंत. मारून टाकायची धमकी दिली तर 351(3), सात वर्षांपर्यंत. आणि सगळ्यात जास्त वापरलं जाणारं कलम 85, म्हणजे जुनं 498अ, नवऱ्यानं किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेली क्रूरता, तीन वर्षांपर्यंत. क्रूरतेची व्याख्या 86 मध्ये आहे, बाई जीव द्यायला प्रवृत्त होईल किंवा तिच्या शरीराला, मानसिक आरोग्याला गंभीर इजा होईल असं वागणं, नाहीतर हुंडा-पैशासाठी छळ. मानसिक हा शब्द कायद्यात आहे, तरी ठाण्यात पहिला प्रश्न "मारलं का, कुठं लागलं, दाखवा" हाच असतो.

498अ आलं 1983 मध्ये. त्याच वर्षी बलात्काराचा कायदाही बदलला आणि त्या बदलाचं मूळ आपल्या विदर्भात आहे. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचारात नागपूर खंडपीठानं म्हटलं होतं की भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नाही, आणि 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते उलटवून दोन्ही पोलिसांना सोडलं, कारणांमध्ये एक हे की तिच्या अंगावर जखमेच्या खुणा नव्हत्या. त्यावर देशभर संताप झाला तेव्हा कुठं कायदा हलला. खुणा नाहीत म्हणजे काही झालं नाही, ही सवय कोर्टाच्या पुस्तकातून बरीच गेली, ठाण्याच्या बाकावरून अजून गेलेली नाही असं माझं मत.

जिला नवऱ्याला जेलमध्ये टाकायचं नाही, फक्त त्रास थांबवायचाय, तिच्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, ऑक्टोबर 2006 पासून लागू. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे चारही छळ यात येतात, म्हणजे रोजी हिसकावणं, दागिने विकणं, घरखर्च बंद करणं हे इथं सरळ बसतं. तालुक्याच्या कोर्टात स्वतः किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो, त्याच घरात राहायचा हक्क, खर्ची, लेकरांचा ताबा मागता येतो. आदेश मोडला की मात्र गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 पर्यंत दंड. अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, तारखा काय म्हणतात ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या बायांना विचारा.

मध्ये तंटामुक्त समिती असते. 15 ऑगस्ट 2007 पासूनची ही मोहीम, धुऱ्याच्या किती भांडणांना तिनं खरंच मिटवलं हे मान्य करायलाच पाहिजे. पण जे गुन्हे आपसात मिटवता येत नाहीत ते समितीच्या हातात नाहीत. साधी दुखापत जखमी माणूस स्वतः मिटवू शकतो, 117(2) कोर्टाच्या परवानगीनं, हत्यारानं केलेली गंभीर दुखापत मिटवता येत नाही. 85 सुद्धा गावात सही करून मिटत नाही, दोघांचं खरंच जुळलं असेल तर नागपूरला हायकोर्टात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. समितीसमोर "यापुढं मारणार नाही" असं लिहून घेतलेला कागद मात्र फाडू नये, पुढच्या वेळेस तो पुरावा म्हणून दाखवता येतो.

तक्रार सासरच्याच ठाण्यात द्यावी लागते असा समज आहे, तो चुकीचा. छळाला कंटाळून बाई माहेरी आली तर तिथल्या कोर्टातही 498अ ची केस चालू शकते, असं सुप्रीम कोर्टानं 2019 च्या रूपाली देवी केसमध्ये ठरवलंय, म्हणजे सासर तेलंगणात आणि माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला असलं तर वणीच्या ठाण्यात जाता येतं. मुदतीचंही पाहून ठेवावं. 85 ला तीन वर्षांच्या आत तक्रार पाहिजे, 117(2) ला शिक्षा सात वर्षांपर्यंत असल्यानं अशी मुदत नाही, आणि 2005 च्या कायद्याखालच्या अर्जाला एका वर्षाची मुदत लावता येत नाही हे सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये स्पष्ट केलंय. तातडीच्या मदतीला फोन 112, बायांसाठी 181.