यंत्र घरी नेण्याआधी: किंमत, बिल आणि पैसे परत मिळण्याची गोष्ट

परळच्या आमच्या वैद्यकीय साधनांच्या दुकानात, काउंटरवर, दिवसातून दहादा तरी एक प्रश्न येतो: "याचे पैसे परत मिळतात का हो?" विचारणारे कधी शेजारच्या चाळीतले असतात, कधी कोकणातून केईएमला आलेले, हातात केसपेपरची पिशवी. बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असते. जिथे 'हो' असते तिथे लोक आधी वस्तू घेतात आणि मग कागद शोधायला निघतात. तेवढ्यावरून हक्काचे पैसे जाताना आम्ही पाहिले आहेत. म्हणून हे पत्रक. खरेदी करायची नसली तरी घेऊन जा.

ॲडमिट असताना एक, घरी आल्यावर दुसरे

हृदयात बसवायच्या स्टेंटची किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याचीही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ही योजना ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते, आणि ते उपचार रुग्णालयात दाखल होऊन घ्यायचे असतात. रुग्ण घरी आला, त्याला वॉकर लागला, बीपीचे मशीन लागले, दमेकऱ्याला नेब्युलायझर लागला, की तो खर्च त्यात बसत नाही. रेशनकार्ड दाखवून कुबड्या मागणाऱ्या आजींना हे सांगणे आम्हालाही जड जाते. त्यांच्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत, त्या पुढे दिल्या आहेत.

खोक्यावरची किंमत

एमआरपी म्हणजे कमाल किंमत, सगळे कर धरून. त्यावर एक रुपयाही जास्त घेता येत नाही. त्याखाली कितीला विकायचे ते मात्र दुकानदार ठरवतो, आणि काही खोक्यांवरची एमआरपी पाहिली की खरोखरच कमाल वाटते.

एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने 'औषध' या व्याख्येत आली. तेव्हापासून एमआरपी बारा महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वाढवायला कंपनीला बंदी आहे. पण मुळातच फुगवून छापलेल्या किमतीचे काय? कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, जुलै २०२१ मध्ये, सरकारने पाच वस्तूंच्या नफ्याला वेसण घातली: ऑक्सिमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर आणि रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर. वितरकाला माल ज्या भावात मिळतो तिथपासून एमआरपीपर्यंत या वस्तूंवर ३ पासून ७०९ टक्क्यांपर्यंत नफा लावला जात असल्याचे त्या वेळी सरकारनेच जाहीर केले. दुकानदार म्हणून हा आकडा छापताना आम्हाला फार अभिमान वाटतो असे नाही.

ठरवलेली मर्यादा ७० टक्क्यांची होती. हिशेब सोपा आहे. वितरकाला १,००० रुपयांना पडलेल्या मशीनवर जास्तीत जास्त ७०० रुपये नफा, म्हणजे १,७०० झाले. त्यावर ५ टक्के जीएसटीचे ८५. एमआरपी १,७८५. हे ७०० एकट्या दुकानदाराचे नसतात, मधल्या सगळ्या हातांचे मिळून असतात.

कमरेचा पट्टा, नी-कॅप, एअर बेड, कमोड खुर्ची या वस्तू त्या पाचांत नव्हत्या. म्हणून '५० टक्के सूट' अशी पाटी दिसली तर सुटीकडे पाहू नका, हातातून किती पैसे जातात ते पाहा. प्रिन्सेस स्ट्रीटला चौकशी करून या, ऑनलाइन भाव काढून या, आम्हाला राग येत नाही. फक्त मॉडेल तेच आहे ना आणि वॉरंटी कोण देणार, एवढे बघा.

जीएसटीचेही लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या आणि बीपी मशीन १२ वरून ५ टक्क्यांवर आले, थर्मामीटर तर १८ वरून ५ वर. कानाच्या यंत्रावर जीएसटी मुळीच नाही. कुणी लावला असेल तर विचारा.

मशीन स्वस्त, पट्ट्या महाग

हा मुद्दा खरे तर सगळ्यात वर हवा होता. ग्लुकोमीटर स्वस्तात मिळतो, कधी पट्ट्यांच्या डबीबरोबर फुकटही. कंपनीची कमाई पट्ट्यांत असते, आणि एका मशीनला दुसऱ्याच्या पट्ट्या चालत नाहीत. रोज दोनदा साखर तपासायची तर महिन्याला ६० पट्ट्या, वर्षाला सातशेच्या वर. तेव्हा मशीनचा भाव विचारण्याआधी एक पट्टी कितीला पडते ते विचारा, आणि ती डबी तुमच्या गल्लीतल्या मेडिकलवर मिळते का तेही बघा. डबी उघडल्यावर किती दिवस चालते ते तिच्यावरच लिहिलेले असते. आठवड्यातून एकदाच तपासणाऱ्याने मोठी डबी घेऊ नये, अर्धी फेकावी लागते.

आमच्या एका जुन्या ग्राहक काकूंचा मुलगा जर्मनीत असतो. तिथे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या साधनाचे पैसे सरकारी आरोग्य विमा भरतो, रुग्णाने एका वस्तूमागे ५ ते १० युरो द्यायचे. काकू दर वेळी पट्ट्या घेताना आम्हाला हे ऐकवतात. आमच्या हातात काही असते तर काकू!

पैसे कुठून मिळू शकतात

केंद्र सरकारचे कर्मचारी आणि निवृत्त, सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) कार्डवाले: कानाचे यंत्र, झोपेत श्वास अडकणाऱ्यांचे सीपॅप, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांची परतफेड बाह्यरुग्णालाही मिळते. क्रम असा: तज्ज्ञ डॉक्टरांची शिफारस, मग मंजुरी, मग खरेदी, मग बिल. ठरलेल्या दराच्या वरचा फरक आपल्या खिशातून. मंजुरीचे पत्र येईपर्यंत आम्ही मशीन बाजूला ठेवतो, त्याचे पैसे घेत नाही.

ईएसआयसी: पगार महिना २१,००० पर्यंत असलेल्यांचा विमा. कापला जातो हे पगारपत्रकात दिसते, पण वापरतात थोडे. साधने त्यांच्याच डॉक्टरांमार्फत मिळतात, म्हणून आमच्याकडे येण्याआधी परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय, वरळी, मुलुंड, कांदिवली, जे जवळ पडेल तिथे जाऊन या.

दिव्यांगांना साधने देणारी केंद्राची ॲडिप योजना १९८१ पासून आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. एकदा साधन मिळाले की त्याच कारणासाठी पुन्हा तीन वर्षांनी, १२ वर्षांखालच्या मुलांना मात्र एका वर्षाने. मुलांची वाढ थांबत नाही हे नियम करणाऱ्याला ठाऊक होते म्हणायचे. ऐकू येण्याच्या तक्रारीसाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आणि कृत्रिम हात-पाय, कॅलिपर (पायाला आधार देणारे साधन) यांसाठी हाजी अलीची पुनर्वसन संस्था, दोन्ही केंद्र सरकारच्या आहेत. लहान मुलाच्या कानाचे यंत्र घ्यायला कुणी आले तर आम्ही आधी वांद्र्याला पाठवतो. आमचा गल्ला थोडा कमी होतो, चालते.

वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना पाहा. चष्मा, कानाचे यंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी ३,००० रुपये एकदाच थेट बँकखात्यात येतात. चौकशी समाजकल्याण कार्यालयात.

खासगी मेडिक्लेम: इथेच सगळ्यात जास्त गैरसमज. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी वॉकर लिहिला म्हणजे कंपनी देईल असे नाही. विमा नियामकाच्या यादीत न देण्याच्या वस्तू छापलेल्याच आहेत: मानेचा पट्टा, नी-ब्रेस, कमरेचा पट्टा, नेब्युलायझर किट, चालण्याची साधने, घरी वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचे संरक्षण किंवा अशा वस्तूंसाठी वेगळा हप्ता भरलेला असेल तर गोष्ट निराळी. खरेदीआधी एजंटला फोन करा, आणि होकार मिळाला तर तो व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

मेडिक्लेमच नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधपाण्यावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत प्राप्तिकरात वजावट मिळते, जुन्या करपद्धतीत. खर्च मुलाने केला असला तरी चालतो, पण रोखीने केलेला धरत नाहीत. तेव्हा यूपीआय, कार्ड किंवा चेकने द्या.

बिलाबद्दल

पक्के बिल मागा, आम्ही न मागताही देतो. त्यावर रुग्णाचे नाव हवे, आणणाऱ्याचे नाही. शिवाय मॉडेल, सिरियल नंबर, जीएसटी आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांचे नाव. खोक्यावरची एमआरपीची बाजू कापून बिलाला टाचून ठेवा, क्लेमच्या वेळी कधीकधी मागतात.

मंजुरी उशिरा आली म्हणून पुढची तारीख घाला, क्लेमसाठी रक्कम वाढवून द्या, असे कृपया सांगू नका, आम्ही तसे बिल करत नाही. बिल हरवले तर दुसरी प्रत मिळेल. खरेदीच्या वेळी दिलेला मोबाइल नंबर सांगा.